डोंगर वगळून

"हा डोंगर तेवढा काढून टाका," मॅडम म्हणाल्या.

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसची मीटिंगची खोली. भिंतीवरच्या पडद्यावर घाटकोपरचा नकाशा. या मॅडम एका खाजगी संस्थेच्या जाहिरातींचं बघतात. संस्था बारावी झालेल्या मुलांना हॉस्पिटलातली कामं शिकवते. एक्स-रे काढणं, डायलिसिसचं मशीन चालवणं, ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांना मदत करणं. आमची कंपनी त्यांच्या जाहिराती लोकांच्या फोनवर पोचवते. मॅडमची तक्रार होती की जाहिरात बघून भलतेच लोक येतात.

"फी विचारतात आणि निघून जातात. तोपर्यंत सोफा अडवून बसतात. पायांकडे बघितलं तरी कळतं कुठून आलेत ते."

खोली हसली. मीही ओठ ताणले. आणि माझे पाय आपोआप खुर्चीखाली गेले. पायात चांगले बूट होते, मुलुंडच्या दुकानातून घेतलेले. तरी गेले.

तो डोंगर माझा. तिथे माझा जन्म झाला, तिथल्या पायऱ्यांवर मी पाण्याचे हंडे चढवले, तिथूनच कॉलेजला गेले. लग्नानंतर मुलुंडला आले. दादा अजून तिथेच राहतो. वहिनी आहे, भाची प्रज्ञा आहे. डोंगराच्या तोंडाशी आमचा विहार आहे. त्याच्या मागच्या खोलीत मुलींची अभ्यासिका चालते. मीही तिथेच बसून अभ्यास केला.

ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. घाटकोपरला नातेवाईक आहेत, एवढंच मी कधीतरी सांगितलं होतं. आमचा टीम हेड रोहन, तिशीचा मुलगा. हुशार, मनमिळाऊ. तो मॅडमना म्हणाला, "ताईंना तो भाग पाठ आहे. ताई करून देतील."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "हो, होईल."

माझा अपमान त्यांनी केला, पण होकार मी दिला. हे दोन्ही एकाच मिनिटात झालं. पुढचं सगळं त्या होकारातून आलं.

आमचं काम काय असतं, ते आधी सांगते. लोकांना वाटतं जाहिरात सगळ्यांना दिसते. भिंतीवरची दिसायची. भिंतीवर रंगवलेली जाहिरात शेठही वाचायचा आणि हमालही. फोनवर तसं नसतं. फोनवर आधी ठरतं की हा माणूस किती कमावतो, मग ठरतं की त्याला काय दाखवायचं.

पगार कुणी विचारत नाही. पगार विचारणं असभ्य. फोनच सांगतो. कुठल्या कंपनीचा आहे, किती जुना आहे. रिचार्ज महिन्याचा मारतात की थोडाथोडा. घरात वायफाय आहे का. दिवसा हा फोन कुठे असतो आणि रात्री कुठे झोपतो. रात्री ज्या जागी झोपतो तिथे सोसायटी आहे की वस्ती. कुठल्या दुकानाचं ॲप आहे, विमानाचं तिकीट कधी शोधलंय का. असं एकेक जमवून माणसाची पायरी काढतात. आमच्या ऑफिसात तीन शब्द आहेत. प्रीमियम, मिड, मास. मास म्हणजे आम्ही. म्हणजे आमचे लोक. तेव्हा मी स्वतःला मिडमध्ये धरत होते.

यातलं काहीही खात्रीचं नसतं. सगळा अंदाज. पण अंदाजावर कामं चालू लागली की तो हुकूम होतो. ज्याला मास ठरवला त्याला मासचंच दिसत राहतं. त्याला कुणी सांगत नाही की तुला मास ठरवलाय. दार बंद केल्याचा आवाजच होत नाही. दार होतं हेच त्याला कळत नाही.

मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते तेव्हा समोरच्याने आडनाव विचारलं. ते कळल्यावर गाव विचारलं, मग राहता कुठे ते विचारलं. तिसऱ्या प्रश्नानंतर त्याने फाइल मिटली. मला त्याचा चेहरा आठवतो. निदान चेहरा होता. मी त्याच्याकडे बघू शकत होते. मनातल्या मनात शिव्या देऊ शकत होते. प्रज्ञाने कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं?

माझ्या, हे उत्तर मला आज येतं.

घाटकोपरचं दुखणं असं की तिथे टॉवर आणि डोंगर चिकटून आहेत. पिनकोड एकच. टॉवरच्या मागच्या भिंतीला आमची पहिली पायरी लागते. मशीनला त्यातला फरक नीट कळत नव्हता. पिनकोड वगळला तर टॉवरही जातो. ठेवला तर डोंगरही येतो. मग नकाशावर माऊसने रेघ ओढायची. वस्तीला बाहेरून वळसा घालायचा, आतल्या भागात जाहिरात जाणार नाही.

ती रेघ मी ओढली. एकटीने, माझ्या टेबलावर बसून.

मी काम नीट करते. वाईट काम करायलाही मन लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. टॉवरची भिंत कुठे संपते, मला माहीत. कुठली इमारत दिसायला वस्तीत आहे पण फ्लॅट मालकीचे आहेत, माहीत. पाण्याच्या टाकीपासून वर सगळी कच्ची बांधकामं, ती आत घेतली. विहार आत घेतला. दादाची खोली आत घेतली. नकाशावर आमची खोली दिसत नाही, पत्र्यांची एक करडी सलग चादर दिसते. त्या चादरीत आपली खोली कुठली ते मला बोट ठेवून सांगता आलं असतं. मी रेघ पुढे नेली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. नाही थांबले. रोहन म्हणाला, रेघेबाहेरही मास असतोच, टॉवरमध्ये काम करणाऱ्या बायका, वॉचमन, त्यांना कसं गाळायचं? कुणाला सुचलं नाही. मला सुचलं.

मी म्हणाले, "फोनची भाषा बघ. ज्यांनी फोन मराठीत ठेवलाय ते गाळ. कोर्स इंग्रजीतून आहे ना."

"झकास, ताई," रोहन म्हणाला. त्याने माझ्यासाठी खालून कॉफी मागवली. मी प्यायले. चांगली होती.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी नाही, रोहनने नाही. माझं मराठी लिखाण चांगलं म्हणून मला या कंपनीत घेतलं. इंग्रजी जाहिराती मराठीत आणायच्या म्हणून. त्याच मी मराठीच गरिबीची खूण म्हणून त्यांच्या हातात दिली. प्रज्ञाला पहिला फोन घेतला तेव्हा त्याची भाषा मी मराठी करून दिली होती. ती म्हणत होती, "आत्या, राहू दे इंग्लिश, मैत्रिणी हसतात." मी म्हटलं होतं, आपल्या भाषेची लाज कसली गं? तिने ऐकलं. ती माझं ऐकायची.

नंतर एका रविवारी दादाकडे जेवायला गेले. वहिनीने सुकटीची चटणी केली होती, भाकऱ्या केल्या होत्या. वहिनी डोंगराखालच्या टॉवरमध्ये दोन घरी पोळ्या करते. तिच्या बोलण्यातली मालवणी इतक्या वर्षांत गेली नाही. वाढता वाढता ती सांगू लागली. अकराव्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीने कसल्याशा कॉलेजची परीक्षा दिली. हॉस्पिटलचा कोर्स आहे. त्यात थोड्या जागांना फीच नाही, गरीब घरच्या मुलांसाठी म्हणून. ती मुलगी सहज गंमत म्हणून बसली होती. तिला करायचाही नाही तो कोर्स, बाहेरदेशी जाणार आहे. बाईंनीच वहिनीला विचारलं, तुझ्या मुलीने नाही का दिली?

दिली नव्हती. तारीख होऊन गेली होती.

ती परीक्षा त्याच मॅडमच्या संस्थेची. फीमाफीच्या जागा आहेत हे मला माहीत होतं. जाहिरातीत खालच्या ओळीत होतं ते. मराठी मजकूरही मीच केला होता, पण तो वापरायचा नाही असं नंतर ठरलं. गरीब घरच्या मुलांसाठीच्या जागा, आणि ती बातमी गरीब घरं वगळून. ऑफिसात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. तेव्हा मी कोर्स बघत नव्हते, रेघ बघत होते.

वहिनी म्हणाली, "त्यांच्या फोनार रोज येय होती ती जाहिरात. आमच्या चेडवाच्या फोनार एकदापण नाय इली."

प्रज्ञा भिंतीला टेकून बसली होती. बारावी सायन्स, चांगल्या मार्कांनी. विहाराच्या अभ्यासिकेत बसून केलेली. एक्स-रेचं शिकायचं असं तिने दहावीपासून धरलं होतं. दादाचा पाय मोडला तेव्हा त्याच्यासोबत सरकारी हॉस्पिटलात गेली होती. तिथल्या एक्स-रे काढणाऱ्या बाईंना बघून आली आणि तेच घेऊन बसली. मला हे सगळं माहीत होतं. मी आत्या आहे.

तिने फोन माझ्यासमोर धरला. "बघ, मला काय काय येतं."

ती बोटाने वर सरकवत गेली. घरकामासाठी मुली पाहिजेत. गोदामात पार्सल पॅकिंग, दहावी नापास चालेल. गोरं करणारी क्रीम. लगेच कर्ज. परत पॅकिंग. परत घरकाम. यातल्या पॅकिंगच्या जाहिरातीचं मराठी माझं होतं. "घराजवळ काम, हातात कमाई." मी लिहिलेलं वाक्य तिच्या अंगठ्याखालून वर सरकलं.

"आत्या, तू जाहिरातीत आहेस ना. मला हेच का दिसतं?"

दादाही माझ्याकडे बघू लागला. त्याला माझा अभिमान आहे. आमची बहीण ऑफिसात आहे, असं तो अजून वस्तीत सांगतो.

मी म्हणाले, "तुझा फोन जुना आहे ना, त्यामुळे होतं असं."

"मग फोन बदलला की मी बदलते का?"

तिने उद्धटपणे नाही विचारलं. खरंच विचारलं. मी भाकरीचा तुकडा मोडला. वहिनी म्हणाली, तिला काय विचारतेस, ती काय मालक आहे तिथली? आणि हसली. मला वाचवायला हसली. मी वाचले.

पायऱ्या उतरताना ओळखीच्या बायका भेटल्या, बस गं, चहा घे, म्हणाल्या. मी घाई आहे म्हटलं. रेघ जिथून वळवली होती ती जागा मला चालताना कळत होती. टाकीपाशी आत, भिंतीपाशी बाहेर. बाहेर पडल्यावर मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून माफ करता येत नाही.

पुढच्या महिन्यात प्रज्ञा कामाला लागली. मानखुर्दच्या गोदामात, पार्सल पॅकिंगला. फोनवरची जाहिरात बघूनच गेली. वहिनीने मला फोन करून सांगितलं, घरी बसून काय करणार, तेवढाच हातभार. मी म्हटलं, हो, बरोबर. आमच्या भाषेत याला जाहिरात लागणं म्हणतात. माझी जाहिरात लागली होती.

ते गोदामवालेही आमचेच क्लायंट. हे मी वेगळं सांगायला हवं. संस्था आणि गोदाम, दोन्ही एकाच टेबलावर. संस्थेने जो डोंगर वगळला, तोच गोदामाने मागून घेतला. माझी रेघ तयार होतीच. एकाने बाहेरची बाजू घेतली, दुसऱ्याने आतली. एकदा ओढलेली रेघ वाया जात नाही.

मी काही दिवस स्वतःला समजावलं. मी नसते तर दुसऱ्याने केलं असतं. मला घर आहे, मुलाचं शिक्षण आहे. मी नोकर आहे, मालक नाही. वहिनीनेच म्हटलं होतं की. सगळी वाक्यं खरी होती. एकही लागू पडत नव्हतं. मी नकळत काही केलं नव्हतं. कळत होतं म्हणूनच मला करता आलं. तो डोंगर न बघितलेल्या माणसाला ती रेघ ओढता आलीच नसती.

मग संस्थेच्या पुढच्या बॅचची मीटिंग लागली. तीच खोली, त्याच मॅडम. खूश होत्या. या वेळी चांगले लोक आले म्हणाल्या. आता त्यांना बोरिवली, मुलुंड, जोगेश्वरी, सगळीकडे तसंच हवं होतं.

रोहन म्हणाला, "ताई, घाटकोपरचं केलंत तसंच. जिथे जिथे असे डोंगर आहेत ते सगळे काढा."

मी म्हणाले, "नाही काढणार."

त्याला वाटलं मला वेळ नाही. आरामात करा म्हणाला, घाई नाही.

"वेळ आहे. काढणार नाही."

"का, काय झालं?"

"मी त्या डोंगरावरची आहे. तिथे माझं घर आहे. माझ्या भाचीला तुमचा कोर्स करायचा होता, फीमाफीची जागा तिच्यासाठीच होती. ती बातमी तिच्यापर्यंत जाऊ नये याची व्यवस्था मी केली."

आवाज चढला नाही माझा. हिशोबाचं बोलावं तसं बोलले.

मॅडम सावरून घेत म्हणाल्या, "अहो, ते तुमच्याबद्दल नव्हतं. तुम्ही त्यातल्या वाटत नाही."

सोफ्याच्या, पायांच्या बोलण्यावर खोली हसली, ते मी सहन केलं होतं. हे नाही झालं. मला त्यातून बाहेर काढून त्या माझा सन्मान करत होत्या. आणि खरं म्हणजे इतकी वर्षं मी तोच सन्मान मिळवायला धडपडत होते. ऑफिसात डोंगराचं नाव घेतलं नाही ते त्याचसाठी.

"माझ्याबद्दलच होतं," मी म्हणाले. "फीमाफीच्या जागांची जाहिरात तिथे वर जाऊ द्या. मराठीत. मजकूर माझ्याकडे तयार आहे."

मॅडम म्हणाल्या, त्यांच्या धोरणात बसत नाही ते. वर बोलावं लागेल. म्हणजे नाही.

बाहेर आल्यावर रोहन माझ्या मागे आला. तो वाईट मुलगा नाही, हे मी आधी सांगितलंय. तो घाबरला होता. "ताई, यार, पर्सनल का घेता? तुम्ही नाही केलंत तर दुसरा कुणीतरी करेलच ना."

"करू दे. त्याला गल्ल्या माहीत नाहीत. चुकेल."

त्याला पटलं नसेल, पण कळलं. त्याच्या कामातलं नेमकं काय मी काढून घेत होते ते त्याला बरोबर कळलं.

मी राजीनामा दिला नाही. दिला की त्यांची सोय होते. त्यांनी मला नकाशाच्या कामावरून काढून नुसत्या मजकुराला बसवलं. पॅकिंगचा मजकूर मी नाकारला. तोंडावर सांगितलं. आता ज्या मीटिंगला बोलावतात तिथे बसल्याबसल्या आधी सांगते की मी कुठली. काही जण मान खाली घालतात. घालू देत.

दादाकडे गेले. प्रज्ञा गोदामातून नुकतीच आली होती, बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागलेला, तो रॉकेलच्या चिंधीने पुसत होती. मी सगळं सांगितलं. रेघ, भाषा, सगळं. दादा उठून बाहेर गेला. वहिनी पदर तोंडाला लावून बसून राहिली. तिला अर्धं कळलं असेल, पण जे कळायचं ते कळलं.

प्रज्ञाने बोटं पुसून पूर्ण केली. मग म्हणाली, "आमच्यातल्या किती पोरी होत्या त्या रेघेत, आत्या? माझं सोड."

मी तिचाच विचार करत आले होते. अभ्यासिकेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुली माझ्या डोक्यातही नव्हत्या. माझ्या अपराधातही मी घरचंच माणूस तेवढं बघितलं.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही. माफी मागितली की समोरच्यावर द्यायचं ओझं पडतं. तिच्या डोक्यावर एवढं आहे ते पुरे.

आता दर रविवारी मी विहारात जाते. अभ्यासिकेतल्या मुलींना त्यांचे फोन बाहेर काढायला लावते आणि कुठली जाहिरात कुणाला दिसते, कुणाला दिसत नाही ते एकमेकींचे फोन शेजारी ठेवून दाखवते. का दिसत नाही ते सांगते. मी काय केलं तेही सांगते, दर वेळी, नवीन मुलगी आली की पुन्हा. आणि फळ्यावर खडूने लिहिते. संस्थेच्या परीक्षेची पुढची तारीख. फीमाफीच्या जागा. दुसऱ्या कुठल्या क्लायंटने कुठली वस्ती वगळायला सांगितलीय आणि तिथल्या लोकांपासून काय लपवलंय. ऑफिसातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत अशा कागदावर माझी सही आहे. मला माहीत आहे. फळ्याचा फोटो कुणी काढून ऑफिसात पोचवला तर मला काढतील, तेही माहीत आहे.

प्रज्ञा फळ्यासमोर बसते. माझ्याशी कामापुरतंच बोलते. गोदामातून आल्यावर परीक्षेचा अभ्यास करते. या वेळी ती बसणार आहे. तिच्याबरोबर अजून कितीतरी बसणार आहेत. नंबर लागतील की नाही, मला माहीत नाही.

घाटकोपरचं झालं. आता बोरिवलीच्या डोंगरावर जायचंय, मग मुलुंडच्या, मग जोगेश्वरीच्या. तिथे मला कुणी ओळखत नाही. पायऱ्यांवर थांबवून विचारतील, बाई, तू कोण. मी सांगेन, तुम्हाला वगळायचं काम मी करत होते. मग जे वगळलं ते सांगेन. ज्या वस्तीला वगळा म्हणतील, त्या वस्तीत ती बातमी सगळ्यांत आधी पोचेल. मी पोचवीन. कामावर आहे तोवर, आणि काढल्यावरही.